लिहायला टेबल आणि विहाराची चावी

मागच्या महिन्यात आम्ही वस्तीतल्या पाच मुलींना घेऊन एका लेखन केंद्रात गेलो. लिहायला टेबल, कार्यशाळा, संध्याकाळी परिसरफेरी अशी सोय. घरात सगळे झोपल्यावरच ज्यांना वही उघडता येते, त्या मुली टेबल पाहूनच हरखल्या.

फेरीत जुनी विहीर लागली. मार्गदर्शक म्हणाले, "हिचं सौंदर्य टिपा." आमच्यातली एक म्हणाली, "माझी आजी अशाच विहिरीपाशी कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळायची. ते लिहू का?" उत्तर आलं, "इथे जात नको आणूया."

जात आम्ही आणली नव्हती. ती त्या काठावर आधीपासूनच होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून लोक बाबासाहेबांसोबत चवदार तळ्यापर्यंत चालत गेले. तीही परिसरफेरीच होती. फक्त तिने पाणी कोणाचं, हे विचारलं.

पण नुसती तक्रार करून भागणार नाही. टेबल आपल्यालाही हवंच. आपल्या विहाराला वंदना झाली की कुलूप लागतं. जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, मग चार टेबलांना का जमू नये? रोज संध्याकाळी सात ते दहा लिहायला जागा आणि रविवारी फेरी: नाका, नाला, नळाची रांग. एवढंच आम्ही कमिटीकडे मागितलं आहे.

चावी अजून मिळालेली नाही. तुमच्या विहाराची चावी कोणाकडे आहे?

जय भीम.