दहा बाय बारा

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या हवेलाच ठसका लागतो. डंकावर संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी कुटली जात असते आणि तिचा खकाणा पार रस्त्यापर्यंत येतो. नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो, इथला माणूस एकदा शिंकून पुढे चालू लागतो. माझी आजी या दिवसांत वर्षाचा मसाला करून घ्यायची. एक मालवणी, आमच्या तोंडचा. दुसरा घाटी, कांदा-लसणाचा, सातारा-कोल्हापूरकडच्या जेवणकऱ्यांसाठी. आजी खानावळ चालवायची.

खानावळ म्हटल्यावर पाटी, टेबलं, गल्ला असं काही डोळ्यांसमोर आणू नका. चाळीतली दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. त्याच खोलीत आम्ही राहायचो आणि तिथेच पंगत बसायची. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. तेव्हापासून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून गडी येत राहिले. बायकापोरं गावी शेताकडे आणि इथे एकेका गाळ्यात गाववाल्यांच्या वळकट्या. एक पाळीवरून आला की दुसरा त्याच जागेवरून उठून कामाला जायचा. झोपायचं असं भागत होतं, जेवायचं भागत नव्हतं. ते गिरणगावातल्या बायकांनी आपल्या चुलीवर घेतलं. गिरणीच्या इतिहासात मालक असतो, संप असतात, पुढारी असतात. आमटी कोणी शिजवली, हे सहसा त्यात नसतं.

खोलीला घड्याळाची गरज नव्हती, भोंगा होता. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे उजाडायच्या आत भरायचे. साडेतीनला ती पाळी सुटली की पहिली पंगत. मध्यरात्री दुसरी पाळी सुटायची, तेव्हा आजी दाराला टेकून पेंगत बसलेली असायची आणि जिन्यावर पावलं वाजली की स्टोव्हला पंप मारायची. कोकणातल्यांना तांदळाची भाकरी, घाटावरच्यांना ज्वारीची. माळकऱ्याचं ताट बाजूला, बांगड्याचा वासही त्याला लागू द्यायचा नाही. आज कोणाला अजीर्ण आहे, कोणाच्या घरून पत्र आलेलं नाही, हे तिला ताटावरून कळायचं. तिच्याहून वयाने मोठे असलेले जॉबरसुद्धा तिला मावशी म्हणायचे आणि उशीर झाला तर शिव्याही खायचे.

आम्हा नातवंडांचा हक्क एवढाच, की पहिली भाकरी आमची. तव्यावरून उतरली की तिचा पापुद्रा उचलून, तेल-मीठ लावून ती हातात द्यायची. त्यानंतर मात्र पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायचं, जेवणकऱ्यांच्या वाटेत यायचं नाही.

आजी गेली तेव्हा दिवसकार्याला जमलेली माणसं तिच्या त्यागाबद्दल बोलत होती. खोटं नव्हतं ते, पण अर्धवट होतं. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते आणि त्यांच्या पगारात घर चालत नव्हतं, म्हणून तिने धंदा काढला आणि तो धंद्यासारखाच केला. किराणावाल्याची उधारी आणि त्यावरचं व्याज तिला तोंडपाठ होतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि सावकाराच्या दाराऐवजी बँकेच्या दारात उभं राहायची वाट दाखवली, तेव्हा अंगठा उठवायला गेलेल्या बायकांत तीही होती. त्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, असं आत्या सांगते.

आत्याचंही सांगायला हवं. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण रोजच्या एवढ्या भाकऱ्या एकट्या बाईच्या हातून होणाऱ्या नव्हत्या. माझे वडील शाळा सांभाळून गिरणीच्या गेटावर डबे पोचवत आणि मॅट्रिक झाले. आजीने दोघांवर सारखीच माया केली, पण दोघांना सारखं दिलं नाही. आत्या याबद्दल तक्रार करत नाही. मला मात्र आजीच्या आठवणीत ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही.

खानावळीच्या हिशेबाची वही वडील लिहायचे. आजी तोंडी सांगायची, नाव, खाडे, उचल, बाकी. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही १८ जानेवारी १९८२ नंतर वेगळीच दिसू लागते. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि आमच्या चाळीखालचा रस्ता साडेतीन वाजताही रिकामा राहू लागला. वहीतला जमेचा रकाना हळूहळू कोरा होत गेला, बाकीचा रकाना भरत राहिला. मासळी बंद झाली, आमटी पातळ झाली, पण ताट बंद झालं नाही. एकेक जण गावी गेला. जाताना प्रत्येक जण ‘मावशे, संप मिटला की देतो’ म्हणाला. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही.

काहींनी गावाहून मनिऑर्डर केली. बहुतेकांनी केली नाही. आजीने ते हसतमुखाने सोडून दिलं असं लिहिलं तर ती वरून मला झोडपेल. तिने त्यांच्या नावाने बोटं मोडली, चांगली कडाकडा. आणि त्यातलाच एखादा दोन वर्षांनी दारात उभा राहिला, तर आधी त्याला पाट मांडून दिला आणि हात धुवेपर्यंत हिशेब ऐकवला.

आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. गिरणी कामगारांसाठी सरकारची घरांची योजना आहे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येतो. पुरावा म्हणून तिकीट नंबर, पगारपत्रक, फंडाचा कागद असं काही लागतं. आमचा अर्ज आजोबांच्या नावावर आहे. आजी त्यात वारस म्हणून होती, आता वडील आहेत. खानावळवालीसाठी त्या अर्जात रकाना नाही. ज्या बाईने इतकी माणसं कामाला जाण्याजोगी ठेवली, तिच्या कामाचा कागद म्हणजे ती एक वही. तीही सरकारदरबारी चालत नाही.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळीच्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. तुमच्या आजीच्या पोटमाळ्यावर अशी वही सापडली, तर ती रद्दीत घालू नका. निदान नावं वाचा, बाकी किती राहिली ते बघा.