पाण्याची वाट

घराची किल्ली हातात आली ती होळीनंतर. पेण आणि रोह्याच्या मध्ये, नागोठण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी बारा गुंठ्यांचा तुकडा. वरच्या अंगाला वरकस, खालच्या अंगाला कधीकाळचं भाताचं खाचर आणि मधल्या पायरीवर घर. चैत्रात ती जमीन भाजलेल्या भाकरीसारखी दिसायची. खाचराच्या भेगांत हाताची बोटं जायची.

शेजारचे काका कुंपणापाशी आले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "साहेब, यंदा काय लावू नका. एक पावसाळा बघा. पाणी कुठनं येतं, कुठं थांबतं, ते समजलं की मग पहार उचला."

मला तो सल्ला आळशी वाटला. आयुष्यभर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत कुंड्या सांभाळलेल्या माणसाला वर्षभर थांबा म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला मुहूर्त सांगणं. अक्षय्य तृतीयेला खड्डे खणले, ते उन्हात तापू दिले, शेणखत आणि पालापाचोळा भरला. रोपवाटिकेतून तेवीस रोपं आणली: हापूस, केसर, चिकू, जाम, लिंबू, बकुळ, अनंत. फणसाच्या कलमाला मानाची जागा दिली. खालच्या कोपऱ्यातली माती काळी, मऊ, कणकेसारखी होती. तुकड्यातली सर्वांत चांगली जागा तीच, असं मी ठरवून टाकलं.

मृगाच्या आधी वरच्या उतारावर जमिनीतून जांभळट कोंब वर आले. तण समजून मी खुरप्याने काढून टाकले. दोन दिवसांनी पेणच्या बाजारात कातकरी बायका त्याच कोंबांच्या जुड्या मांडून बसलेल्या दिसल्या. शेवळं! जुडीबरोबर काकडांची हिरवी फळं. ती घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, हेही तिथेच कळलं. घरची भाजी उकिरड्यावर टाकून मी तीच पैसे मोजून विकत घेतली.

मग पाऊस आला. रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हा आकडा मी वाचला होता. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने मागे वळून पाहत नाही, हे आकड्यात दिसत नाही. पहिल्या मोठ्या सरीनंतर सकाळी दार उघडलं तर चार पोरं माझ्या बागेत गुडघे दुमडून बसलेली. मासे धरत होती. वलगणीचे मासे, पहिल्या पाण्याबरोबर ओढ्यातून उलटे चढणारे, चिकूच्या आळ्याला वळसा घालून फणसाकडे निघालेले. "इथनंच चढतात," त्यातला एक म्हणाला. अंगण माझं असलं तरी वाट माशांची आहे, हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की मी घरात जाऊन चहा टाकला.

पुनर्वसूच्या पावसाला इकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. त्या साली म्हातारा तरण्याहून दांडगा निघाला. डोंगरावरून पाणी उतरायचं ते थेट माझ्या खड्ड्यांच्या रांगेतून. भुसभुशीत केलेली माती त्याला आयती सापडली. दोन आंबे मुळासकट आडवे झाले. फणसाच्या बुडाशी घोटाभर पाणी आठ-आठ दिवस हलेना. पानं पिवळी पडली, गळली. श्रावणात कलम उपसून पाहिलं तर मुळं काळी, बोटाला लागताच साल निसटणारी, कुजका वास. फणसाला सगळं चालतं, साचलेलं पाणी चालत नाही. हे काकांना माहीत होतं. फणस तिथे लावताना ते फक्त बघत उभे होते. एकदा सांगून झालं होतं ना.

गणपती पेणहून आणला, शाडूचा. विसर्जन बादलीत केलं आणि विरघळलेली माती भक्तिभावाने बकुळीच्या आळ्यात ओतली. ऑक्टोबरच्या उन्हात तिची अशी पापडी धरली, की वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जायचं. मूर्तीला घट्ट धरून ठेवणारा गुण मुळांच्या कामाचा नव्हता. खुरप्याने पापडी फोडून त्यात पालापाचोळा मिसळला, तेव्हा बकुळ सावरली.

भातं कापून झाल्यावर काका एकदा ओंजळभर वाल घेऊन आले आणि फणस मेला त्या कोपऱ्यात टाकून गेले. मी झारी घेऊन धावलो. त्यांनी हातानेच थांबवलं. "ओल आहे." एवढंच. आणि खरोखर, वरून एक तांब्या पाणी न घालता, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर तो वाल वर आला, फुलला, शेंगांनी लगडला. ज्या पाण्याने फणस मारला तेच पाणी चार महिन्यांनी वाल पोसत होतं. माघात त्याच शेंगांची पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, जाडं मीठ, ओवा, शेंगा, मधेमधे अंडी. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. मडकं उघडलं तेव्हा भांबुर्ड्याच्या वासात मला माझ्या कोपऱ्याचा पहिल्यांदा राग आला नाही.

रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांनी 'मेघदूत'ही मराठीत आणलं. झाडं, ढग आणि हिशेब तिन्ही जमलेला माणूस. माझा ताळेबंद साधा होता: लावली तेवीस, जगली नऊ. ही नऊ कुठे आहेत ते वहीत मांडलं तर सगळी एका ओळीत निघाली, पाण्याच्या वाटेपासून चार पावलं वर.

वैशाखात काकू द्रोण घेऊन आल्या. त्यांच्या परसातला पहिला फणस फोडला होता. "आमच्याकडे अजून कोणी खाल्ला नाही, आधी वाटून येते," म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या. मला गागोदं आठवलं. इथून फार लांब नाही ते, पेण तालुक्यातच, १८९५ साली विनोबा जिथे जन्मले ते गाव. त्यांच्याही परसात फणस होता. पिकला की आई गरे द्रोणांत भरून मुलांच्या हाती घरोघर पाठवायची आणि सगळे द्रोण पोचल्यावरच मुलांना वाढायची. पुढे भूदान मागत देशभर चालणाऱ्या माणसाचा पहिला पायी फेरा बहुधा हाच असावा. ती गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. द्रोण दारात आला तेव्हा लक्षात आलं, की या वाटपाच्या फेऱ्यात आता आपलंही घर मोजलं जातं.

गरे संपले. आठळ्या धुऊन उकडायला ठेवल्या, एक बाजूला काढली. फणसाची आठळी वाळली की उगवत नाही. ताजीच लावावी लागते, आणि शक्यतो जिथे झाड हवं तिथेच, कारण त्याच्या सोटमुळाला उपटून हलवलेलं खपत नाही. या वेळी जागा शोधायला वेळ लागला नाही. वरच्या बांधाजवळ, नऊ झाडांच्या ओळीत, दोन बोटं खोल.

काका कुंपणापाशी उभे होते. "फळ धरायला सात-आठ वर्षं जातील," ते म्हणाले.

"तोवर घरं मोजून ठेवतो," मी म्हणालो.

संध्याकाळी डोंगरामागून ढग चढायला लागले. फावडं घेऊन खाली गेलो आणि कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंतचा चर मोकळा केला. मासे यायच्या आत व्हायला हवं होतं.