विचारलं तरच कडक

आमच्या वर्गाचा निकाल मी अनेक वर्षं स्वतःच्या प्रोग्रॅमवर लावते. बीएड झाल्यावर सुट्टीत एका क्लासला पर्ल नावाची भाषा शिकले होते, तिच्यात लिहिलेल्या चाळीसेक ओळी. लेखी अधिक तोंडी, एकूण, पास की नापास. एवढंच काम.

एका वर्षी तीन मुलांची तोंडी परीक्षा आजारपणामुळे उशिरा घ्यावी लागली. त्यांच्यासाठी मी एक वेगळी ओळ टाकली. वर 'तोंडी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना शेवटी 'आय' लावला होता. नव्या ओळीत घाईघाईत दोन 'ई' लावले. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. दोन मुलं लेखीच्या जोरावर सुटली. एक मुलगी नापास झाली.

दोन दिवसांनी तिचे अब्बा आले. आवाज चढवला नाही. "मॅडम, बच्ची ने मेहनत तो की थी. अब घर में सब बोल रहे हैं, बस हो गया." म्हणजे शाळा बस. मी वही काढली. तोंडीत तिला वीसपैकी सतरा होते. निकालात शून्य धरलं गेलं होतं.

पर्लमध्ये नाव आधी जाहीर करावं लागत नाही. अनोळखी नाव दिसलं की ती नवा रिकामा डबा उघडते, आणि बेरजेत रिकामा डबा म्हणजे शून्य. ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणली. ते भाषाशास्त्र शिकलेले. माणसं बोलतात तशी मोकळीक त्यांनी तिला दिली. १९९४ च्या पर्ल ५ मध्ये कडकपणाही आला. फाइलच्या सुरुवातीला 'यूज स्ट्रिक्ट' लिहिलं, की जाहीर न केलेलं नाव दिसताच प्रोग्रॅम सुरूच होत नाही. पण ती ओळ आपण लिहायची. जाणकार लिहितात. माझ्यासारखीला ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग कडकपणा सगळ्यांना आपोआपच का देत नाहीत? २०२० मध्ये पर्ल ७ ची घोषणा झाली, तेव्हा बेत हाच होता. पण जगभर वर्षानुवर्षं चालणारे जुने प्रोग्रॅम एका रात्रीत अडतील, या काळजीने वाद झाला आणि तो बेत मागे पडला. ती काळजीही खोटी नव्हती. त्याआधीच, २०१० पासून, एक मधला रस्ता होता: फाइलमध्ये 'मला ५.१२ किंवा पुढची आवृत्ती हवी' असं लिहिलं की स्ट्रिक्ट आपोआप लागू. २०२२ च्या ५.३६ ची मागणी केली तर धोक्याच्या सूचनाही सुरू होतात. जुन्या फाइलला कोणी हात लावत नाही.

मला हे उर्दूवरून पटतं. रोजच्या उर्दूत आपण जेर, जबर, पेश लिहीत नाही. 'इस' आणि 'उस' कागदावर सारखेच दिसतात. वाचणारा संदर्भाने ओळखतो. पण पहिलीच्या कायद्यात आपण प्रत्येक खूण छापतो, आणि अरबी न समजणाऱ्यांनाही नीट वाचता यावं म्हणून कुरआनातही त्या असतात. खुणा सोडायची मुभा ज्याला वाचता येतं त्याला. नवशिक्याच्या हाती मात्र आपण खुणांचंच पुस्तक देतो, त्याने मागायची वाट बघत नाही.

निकाल दुरुस्त करून मी त्या मुलीच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती. तिच्या अम्मीने चहा ठेवला. जूनमध्ये ती वर्गात आली.

आता माझ्या प्रत्येक फाइलची पहिली ओळ ठरलेली आहे. गेल्या परीक्षेत प्रोग्रॅम दोनदा अडला. दोन्ही वेळा स्पेलिंग माझंच चुकलं होतं.