हंशाची जागा

मुर्रीला आमच्या घरीं रात्रीचें जेवण एकाच पंगतीला व्हावें असा माझा आग्रह असतो, आणि त्या पंगतीला कांहीं तरी गमतीचें सांगावें ही माझी जुनी खोड आहे. गेल्या पौषांत एके रात्रीं मीं पाहुण्यांची गोष्ट सांगितली. एका गृहस्थांकडे दोन दिवसांसाठीं म्हणून आलेले पाहुणे महिना उलटला तरी हलेनात. शेवटीं यजमान म्हणाले, "घरची मंडळी आपल्या वाटेकडे डोळे लावून बसली असतील." तेव्हां, आपल्यालाहि तसेंच वाटल्यावरून त्या सर्वांना उद्यांच्या गाडीनें इकडेच बोलावून घेतलें आहे, असें उत्तर त्या पाहुण्यांनीं यजमानांना दिलें.

इतकें सांगून मी एकटाच हंसलों. चिरंजीव भात कालवीत राहिले. सूनबाई "हो का, मामंजी?" एवढेंच म्हणाल्या, आणि तें 'हो का' माझ्या फार जिव्हारीं लागलें.

चार दिवसांनीं माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें तीच गोष्ट आपल्या मामाला सांगितली. शेवट तिनें असा केला: "पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणीच आलें. ते म्हणाले, मलाहि तेंच वाटलें हो! उद्यांच्या गाडीनें सगळेच येताहेत!" मामाच्या कपांतला चहा बशींत सांडला.

चौतीस वर्षें मास्तरकी केलेल्या मनुष्यानें ह्यावर विचार करणें प्राप्तच होतें. संस्कृत श्लोकांतलीं पदें कशींहि विखुरलेलीं असोत, अन्वय लावला कीं अर्थ हातीं येतो. विनोदाचें तसें नाहीं. त्याला एकच अन्वय असतो. ज्या शब्दानें हंशा फुटावयाचा तो शब्द शेवटीं, आणि त्याच्यामागें कांहींहि नाहीं. आपल्या मराठींत येथें एक खोडा आहे. दुसऱ्याचें बोलणें सांगून झालें कीं, 'असें तो म्हणाला', 'असें उत्तर त्यानें दिलें' ही शेपटी आपण संवयीनें लावतों. ऐकणारा हंसण्यासाठीं तोंड उघडतो, तों आपलें वाक्य अजून चाललेलेंच! पोरीनें 'ते म्हणाले' आधींच उरकून घेतलें होतें. शिवाय डोळ्यांतलें पाणी हें तिनें पदरचें घातलें होतें, आणि तें मोठ्या कामाचें होतें. कारण त्यामुळें पाहुणे आतां वळकटी बांधणार अशी मामाची खात्री झाली. ऐकणाराला एका वाटेला चांगला लावून दिल्याखेरीज दुसऱ्या वाटेवर त्याचा पाय घसरत नाहीं.

तिसरी गोष्ट म्हणजे ती स्वतः हंसली नाहीं. भरतमुनींनीं हास्याचे सहा भेद सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. पण त्याआधीं त्यांनीं एक साधा भेद केला आहे. मनुष्य स्वतः हंसतो तें हास्य आत्मस्थ, आणि दुसऱ्याला हंसवितो तें परस्थ. मी आत्मस्थावरच संतुष्ट होतों! आमच्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते आणि रात्रीं दंडार किंवा खडी गंमत रंगते. लहानपणीं मीं तेथें एक सोंगाड्या पाहिला होता. एक वाक्य टाकून तो निर्विकार उभा राही, हंशा येऊन पुरता ओसरेपर्यंत थांबे, आणि मग दुसरें वाक्य टाकी. तें थांबणें मला पुस्तकांत कोठें सांपडलें नाहीं.

पण हंसें व्हावयाचें कोणाचें, हा प्रश्न ह्या सर्वांपेक्षां अवघड आहे. आमच्या विदर्भांतले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) ह्यांनीं 'सुदाम्याचे पोहे' ह्या लेखसंग्रहांत रूढींची टर उडविली, ती बाहेरून दगड मारून नव्हे. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्याच रूढींच्या पायीं स्वतः फजीत होतात. चिं. वि. जोशी ह्यांचे चिमणरावहि आपली फजिती आपणच सांगतात. संस्कृत नाटककारांनीं तर विदूषक ब्राह्मणच केला, आणि त्याच्या तोंडीं प्राकृत घातलें. हें मीं वर्गांत अनेकदां शिकविलें आहे. ज्या शाळेंत मीं तें प्रथम शिकविलें, तेथलीच पुढील हकीकत आहे.

झाडीबोलींत ण, ळ आणि श ह्यांचा उच्चार नाहीं. पाण्याचें पानी, डोळ्याचा डोरा आणि शाळेची सारा होते. एक मुलगा आदल्या दिवशीं गैरहजर होता. कारण विचारतां तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, धानाची कापनी होती, म्हनून सारेत नाही आलो." मी क्षणभर थांबलों. चेहरा गंभीर ठेवला, आणि म्हणालों, "अरे, सारा भरायला येथें कशाला? जा तलाठ्याकडे!"

वर सांगितलेले सर्व नियम त्यांत पाळलेले होते. वर्ग लोटपोट झाला. मधल्या सुटींत माझ्या सहकाऱ्यांनीं तो श्लेष माझ्याकडून पुन्हां वदवून घेतला.

पुढें तो मुलगा वर्गांत फार शुद्ध बोलूं लागला. पाण्याला जल, डोळ्यांना नेत्र, शाळेला विद्यालय. मीं त्याच्या वडिलांजवळहि त्याची वाखाणणी केली. वर्ष सरत आलें तेव्हां एके दिवशीं माझ्या ध्यानांत आलें कीं, हा मुलगा 'कळलें' म्हणत नाहीं, 'समजलें' म्हणतो. 'मिळालें' म्हणत नाहीं, 'प्राप्त झालें' म्हणतो. जीं अक्षरें त्याच्या तोंडीं बसत नव्हतीं तीं ज्या शब्दांत येत, ते सारे शब्द त्यानें टाकले होते. प्रतिशब्द न सुचला तर उत्तर येत असूनहि तो उगाच बसून राही. मीं त्याला कांहींच म्हटलें नाहीं. काय म्हणावें तें मला सुचेना. आणि खरें सांगावयाचें तर मला लाज वाटली.

दोन वर्षांपूर्वीं जूनमध्यें गोंदियाच्या बाजारांत तो मला भेटला. केंस पिकूं लागले होते, मीं त्याला ओळखलें नाहीं. त्यानेंच वाकून नमस्कार केला. कोठून आलास म्हणून विचारलें, तों पोरीची वर्षाची फी भरून आलों म्हणाला. आंकडा ऐकून मी चकितच झालों. कपाळावरचा घाम पुशीत तो म्हणाला, "सारा भराले आता तलाठ्याकडे नाही जा लागत, गुरुजी. सारेतच भरा लागते!"

माझ्या श्लेषाहून हा सरस होता. माझा नुसत्या उच्चारावर होता. ह्याच्यांत अर्थहि होता. मीं त्याच्या तोंडाकडे पाहिलें. तो हंसत नव्हता. माझ्याकडे पाहत तो शांतपणें थांबला होता.