वाफसा

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी मंडळी वह्यांची पूजा करतात. माझ्याजवळ पूजेजोगी एकच वही; तिच्यात जमाखर्च नसतो, कविता असतात. झाडे, ढग, पाखरे पाहून वर्षभर जे सुचेल ते तीत उतरवायचे आणि पाडव्याला सगळे वाचून काढायचे, असा माझा जुना परिपाठ आहे. ह्या हिशेबात मी बहुधा नफ्यातच असतो. हिशेब तपासणारा मीच म्हटल्यावर दुसरे काय होणार!

गेल्या पाडव्याला मात्र सप्टेंबरच्या पानापाशी अडलो. २०२५च्या त्या महिन्यात मराठवाड्यावर पाऊस नुसता कोसळला होता. एका रात्री शहरातल्या खोलीत, खिडकीशी बसून मी पावसाच्या नादावर कविता लिहिली. ती मला इतकी आवडली की, रविवारी केदारखेड्याला जाताना वही पिशवीत घेतली. दादाला वाचून दाखवायचा बेत होता.

पूर्णा गढूळ, फुगलेली वाहत होती. दादा बांधावर उभा होता. रान चिभडले होते. कपाशीची बोंडे काळी पडली होती. त्याने एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवले. आत कापूस नव्हता, कुजका लगदा होता. मी ज्याला नाद म्हटले, त्याने माझ्या भावाचे वर्ष नेले होते. वही पिशवीतच राहिली.

काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "हरभरा केव्हा पेरायचा?"

"अरे, पाऊस उघडला की लगेच पेरीत नसतात. चिखलात बी कुजतं. वाफसा होऊ द्यावा लागतो."

मातीत पाणी मुरावे, ओल राहावी आणि हवाही खेळावी, म्हणजे वाफसा. लहानपणापासून ऐकलेला शब्द. पण त्या दिवशी तो मला लागला.

वर्गात मी ना. धों. महानोर शिकवतो. पळसखेड्याचा हा कवी कॉलेज अर्ध्यावर सोडून शेतीकडे परतला. १९६७ साली त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या. २०२३ साली ते गेले. 'निसर्गकवी' एवढे लिहून घ्या, असे मी मुलांना सांगत आलो. पण पावसाची वाट पाहणारा आणि पावसावर लिहिणारा तिथे एकच माणूस होता, हे कधी सांगितले नाही. त्यांचे शब्द वाफशावर पेरलेले. मी आपला चिखलातच बी फेकीत होतो!

कविता खोडावीशी वाटली, खोडली नाही. खाली फक्त एवढेच लिहिले : 'ह्याच पावसात दादाची कपाशी गेली.' जमेबरोबर खर्चही मांडावाच लागतो.

यंदा दादा दिवाळीला यायचा आहे. त्याला ती कविता वाचून दाखवीन म्हणतो, खालच्या ओळीसकट.