सपकन्, आणि थप्प!

आवाज इतका बारीक, की आधी वाटतं वार हुकलाच. लाकडी खुंटीवर उभी केलेली चटईची गुंडाळी जशीच्या तशी उभी. मग तिचा वरचा तिरपा तुकडा सावकाश घसरतो आणि थप्पकन् जमिनीवर! गुरुजी एव्हाना तलवार म्यान करायच्या बेतात. माझा वासलेला आ मात्र तसाच.

हे सेकी. मध्य जपानातलं, शेकडो वर्षं तलवारी घडवत आलेलं गाव. आता इथे सुऱ्या, कात्र्या, वस्तरे बनतात, पण जुनी खुमखुमी गेलेली नाही. तिथल्या एका दोजोत (तालमीत) मी तामेशिगिरी पाहिली, म्हणजे खऱ्या धारेच्या काताना तलवारीने वार करून बघणं.

कोपऱ्यातल्या पिंपात चटया भिजत होत्या. कुणाच्या तरी घरातल्या जुन्या तातामीची, म्हणजे जमिनीवरच्या जाड बिछायतीची, ही वरची चटई. इगुसा नावाच्या लव्हाळ्याची विणलेली. पाण्यातून निथळत बाहेर आली की अख्ख्या दालनात ओल्या गवताचा वास भरून राहतो. ओली चटई म्हणजे मांस आणि आत हिरवा बांबू घातला की हाड, असा इथला हिशोब. ऐकून पोटात कालवलं. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, तर चटईचाही आडपडदा नव्हता. देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवरच तलवारी पारखत! यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या लावणारं घराणं शोगुनासाठी हे काम करी, शिरच्छेदही तेच करत. १७९७ साली त्यांच्या पारखीवरून लोहारांची प्रतवारी चक्क पुस्तकात छापून आली. किती धडं तुटली, तो निकाल तलवारीच्या मुठीत दडणाऱ्या लोखंडावर कोरायचा, कधी कधी सोन्याने. एवढी नाजूक कलाकुसर, आणि मजकूर हा!

आता एक धिप्पाड गडी पुढे येतो. दात-ओठ खाऊन वार करतो आणि पातं चटईत अर्ध्यावर अडकतं. त्याच्यामागून चणीने चिमुरडी मुलगी. अंगावर निळाभोर हाकामा, वाकून नमस्कार, एक श्वास. सपकन्! वरून तिरपा, लगेच खालून उलटा, दोन तुकडे खाली. धार ज्या दिशेला, वारही नेमका त्याच दिशेने गेला पाहिजे, जरा कलला की पातं रुततं, प्रसंगी वाकतंसुद्धा. मनगटातल्या ताकदीला इथे कुणी विचारत नाही. तिने कापलेला तुकडा मी हातात घेतला. काप खरवसाच्या वडीसारखा गुळगुळीत, एक धागा बाहेर आलेला नाही.

कोल्हापुरात मर्दानी खेळ बघताना हलगी कडाडते, आरोळ्या उठतात, दांडपट्ट्याने लिंबू उडालं की गर्दी बेभान होते. इथे टाळीही नाही. वार झाला की तलवार पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं (तेलाला चक्क लवंगेचा वास!) आणि पुन्हा नमस्कार, तोही तलवारीला. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो, ही मंडळी रोजच पुजतात म्हणा ना.

तरी एक सांगतो, शिस्तीत ते वरचढ, पण रंगत आपल्याकडेच. आपल्या एखाद्या वस्तादाला पट्ट्यासकट या दोजोत एकदा उभं करायला हवं. डोळे विस्फारायची पाळी मग त्यांची, पैजेवर सांगतो.