किहाचीची कंपनी

परवा जत्रेत देवळामागून जाताना सफेता आणि खोबरेल तेलाचा मिसळलेला वास आला, आणि मला एकदम यासुजिरो ओझूंचा ‘उकिगुसा मोनोगातारी’ आठवला. १९३४ चा जपानी मूकपट, गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीचा. ओझूंनीच १९५९ मध्ये तो रंगीत करून पुन्हा काढला. रसिक त्या रंगांवर भरभरून बोलतात, मूळ मूकपटाचं नावही घेत नाहीत. मला त्याचा राग येतो.

किहाची कंपनीचा मालक. एका आडगावी खेळ लावतो, कारण तिथे ओत्सुने आहे आणि तिच्यापासून झालेला त्याचा मुलगा. मुलगा त्याला नात्यातला काका समजतो. दोघं नदीत शेजारी उभे राहून गळ टाकतात, काठ्या एका लयीत फिरतात. मग पाऊस लागतो, खेळ बंद पडतात, कपडेपट विकायला निघतो.

लहानपणी, दशावतारी नाटकाचा दहीकाला झाल्यावर, जत्रेच्या ह्याच देवळामागे मी रात्रीच्या खेळातला राजा पाहिला होता. तोंडाला तेल चोळून रंग उतरवत होता. अर्धा गाल अजून राजाचाच. “कितवीत आसस रे?” त्याने विचारलं. “चौथीत.” तो बघतच राहिला. घरी त्याचाही कुणी चौथीत असेल, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. किहाची मुलाच्या शिक्षणाची चौकशी करतो, तेव्हा दरवेळी मला तो अर्धा गाल दिसतो.

१९३४ पर्यंत आपल्याकडे ‘आलम आरा’ला तीन वर्षं झाली होती, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ही बोलून गेला होता. जपानात मूकपट टिकले ते बऱ्याच अंशी बेन्शींमुळे. पडद्याशेजारी बसून बेन्शी गोष्ट सांगे, सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतः बोले. हातात लिहिलेली संहिता नसताना रात्रभर आख्यान रंगवणारा आमचा दशावतारी हे सहज करील. पायपेटी, मृदंग, झांज घेऊन हा मूकपट मालवणीत एकदा तरी व्हावा, असं मला फार वाटतं.

शेवटी किहाची रात्रीच्या गाडीने निघून जातो आणि ओत्सुने मागे राहते. कार्तिकात आमच्या कंपन्या बाहेर पडल्या की वायंगणी भाताची लावणी, गुरं, अंथरुणाला खिळलेली सासू कोण बघतं? दशावतारावर इतकं लिहिलं गेलं, त्यात ह्या बायका कुठे आहेत? म्हणून ओत्सुनेचं बोलणं स्त्रीपार्टी नटाने करू नये. एखाद्या नटाच्या घरकारणीला पडद्याशेजारी बसवावं, आणि तिला जे बोलायचं असेल ते बोलू द्यावं, गोष्टीत नसलं तरी.